रोजच्या ब्रेडसाठी मशीन घेताना आधी भांड्याचं बूड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्याचं पाच माणसांचं घर, आठवड्यातून पाच दिवस घरचा ब्रेड, त्यात निम्म्याच्या आसपास गव्हाचं पीठ. आधीचं ब्रेड मशीन (पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं एकाच भांड्यात करणारं) दीड वर्षात भांड्याच्या बुडातून गळायला लागलं, आणि दुरुस्तीवाल्याने पार्ट मिळत नाही म्हणून हात वर केले. आता नवं घ्यायचंय. इथेच मागवावं की दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या भावाला आणायला सांगावं? आणि टिकाऊ मशीन ओळखावं कसं?

आधी थोडा हिशेब. आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला अडीचशे ब्रेड. एका ब्रेडमागे मळणं साधारण २५ मिनिटं धरलं, तर वर्षाला शंभर तासांच्या वर मोटर घट्ट गोळ्याशी झुंजते. भाजणं ५५ मिनिटं धरलं तर सव्वादोनशे तासांच्या वर कॉइल तापते. कॉइलमध्ये हलणारं काही नसतं, त्यामुळे ती सहसा सगळ्यात शेवटी जाते. झिजतात ते मळण्याच्या वाटेवरचे भाग: भांड्याच्या बुडातला दांडा, तो ज्यात फिरतो तो बुश (नळीसारखा भाग), सील (पाणी अडवणारी कडी), खालचं कपलिंग (मोटरचं फिरणं दांड्याला जोडणारा भाग) आणि मोटरचा दातेरी बेल्ट. जाहिरातीत १२, १९, २५ प्रोग्राम मोजून दाखवतात, पण ते सगळे त्याच एका मोटरवर आणि त्याच एका कॉइलवर चालतात. वेळांची कोष्टकं वेगळी, एवढाच फरक. त्यांच्यावर पैसे घालू नका.

पैसे घालायचे ते भांड्यात. भांडं काढून उलटं करा. मधोमध एक धातूची बैठक दिसेल, तिच्यातून दांडा खाली आलेला असेल आणि त्याला दोन पंखांचं कपलिंग असेल. दांडा बुशमध्ये फिरतो. बुशच्या वर, भांड्याच्या आतल्या बाजूला, सिलिकॉनचं ओठवालं सील असतं. पाणी आणि पातळ पीठ खाली उतरू न देणं एवढंच त्याचं काम. ते झिजलं की मीठ-साखरेचं पाणी बुशमध्ये जातं, तिथे भाजताना सुकतं आणि दुसऱ्या दिवशी दांडा त्या खरखरीत थरावर फिरतो. पहिली खूण म्हणजे पात्याच्या (दांड्यावर बसणाऱ्या, पीठ मळणाऱ्या पंखाच्या) भोवती करडा-काळा डाग. दुसरी, मळताना चीं-चीं आवाज. तिसरी, भांड्याखाली तपकिरी ओघळ. चौथी पायरी तुम्ही बघितलीच आहे.

दीड वर्षात सील गेलं म्हणजे मशीनच रद्दी होतं असं नाही. बऱ्याचदा ते धुण्याने मारलेलं असतं. भांडं बादलीत बुडवून ठेवणं, बूड घासणीने घासणं, डिशवॉशरला लावणं ही तीन कारणं. सीलने पाणी वरून अडवायचं असतं, खालून नाही. भांडं बुडवलं की साबणाचं पाणी खालून बुशमध्ये शिरतं आणि त्यातलं वंगण धुऊन नेतं. आत कोमट पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मऊ फडक्याने पुसा, बाहेरून फक्त ओलं फडकं फिरवा. पातं दांड्यावर अडकलं तरी आत गरम पाणी ठेवा आणि खालचं कपलिंग हाताने मागे-पुढे हलवा, सुटतं. सुरीने उचकटलं की आधी नॉनस्टिक जातं, मग दांडा वाकतो.

सील मारणारं आणखी एक कारण जॅम प्रोग्राम. उन्हाळ्यात मांगाड (आंब्याचा जॅम) करायला तो फार मोहाचा वाटतो. साखरेचा पाक पातळ असताना सीलच्या ओठाखाली उतरतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा घट्ट होतो. पुढच्या वेळी दांडा फिरताना तो तुकडा सीलला चिरत जातो. मांगाड चुलीवरच करावं.

खरेदीच्या वेळी भांड्यात तीन गोष्टी बघायच्या. एक, जाडी. ओतीव ॲल्युमिनियमचं भांडं हाताला जड लागतं आणि बोटाने वाजवलं तर बद्द वाजतं. पत्र्याचं दाबून केलेलं भांडं टणटणतं, आणि त्याची बैठक बुडाला रिव्हेटने बसवलेली असते. घट्ट कणकेच्या ओढीने ते रिव्हेट सैल होतात आणि तिथूनही गळतं. दोन, दांडा कशाने धरलाय. कपलिंगच्या वर खाचेत बसवलेली सर्क्लिप (काढता येणारी स्प्रिंगची कडी) दिसली तर सील-बुश बदलता येतात. सगळं दाबून बंद केलेलं असेल तर सील गेलं की अख्खं भांडं बदलायचं. तीन, भांडं मशीनमध्ये बसतं कसं. फिरवून अडकणारी पकड टिकते. स्प्रिंगच्या पट्ट्यांवर दाबून बसणारी पकड वर्ष-दोन वर्षांत ढिली होते, मग गव्हाचा गोळा पात्यावर चढला की भांडंच वर उचललं जातं आणि कपलिंगचे पंख एकमेकांवर घसरून झिजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही. मशीन घ्यायच्या आधी त्याच मॉडेलचं सुटं भांडं आणि सुटं पातं आज मिळतंय का ते शोधा. फोन करून विचारा, मॉडेल नंबर सांगा, किंमत लिहून घ्या. ‘मिळेल हो’ हे उत्तर धरू नका. पार्ट नंबर आणि किंमत सांगता आली तरच तो पार्ट आहे. भांडं आणि पातं मिळून मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असतील तर ठीक. निम्म्याच्या वर जात असतील तर ते मशीन एकदाच वापरायची वस्तू समजा. तुमच्याएवढा वापर असेल तर मशीनबरोबरच दुसरं भांडं घेऊन ठेवणं माझ्या मते पहिल्या दिवसाचाच खर्च आहे. दोन भांडी आलटून-पालटून वापरली की प्रत्येकाला सुकायला दिवस मिळतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यात त्या एका दिवसाला मोल आहे.

मोटरचे ढोबळ दोन प्रकार येतात. जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये कपॅसिटर लावलेली इंडक्शन मोटर असते: जड, गुणगुणणारी, कार्बन ब्रश नसलेली. स्वस्त आणि हलक्या मशीनमध्ये ब्रशवाली डीसी मोटर येते. ती वाईट नाही, पण ब्रश झिजतात, आणि आठवड्याला पाचदा घट्ट पीठ मळायचं तर ते लवकर झिजतात. दुकानात झाकण उघडून मोटर दिसणार नाही, म्हणून मशीन उचलून बघा. एक किलोच्या ब्रेडचं मशीन पाच ते सात किलो भरत असेल तर आत बहुधा लोखंड-तांब्याची मोटर आणि जाड पत्रा आहे. चारच्या खाली असेल तर वजन कुठेतरी वाचवलेलं आहे. बाहेरच्या स्टीलच्या चकाकीवर जाऊ नका. ती नुसती साल असते. आतली चौकट जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची असते, आणि खाऱ्या हवेत आधी गंजतात ते तिचे स्क्रू. बुडाच्या भोकांतून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. दुकानात ठेवलेल्या नमुन्यालाच आत तांबूस डाग दिसला तर पणजी-मडगावच्या हवेत वर्षभरात काय होईल ते कळतंच.

आकाराबद्दल. पाच माणसांना ५०० ग्रॅमचं मशीन पुरणार नाही, आणि पुरवायला गेलात तर दिवसातून दोनदा चालवावं लागेल. भाजून झाल्यावर आतली पोकळी तापलेली असते. लगेच सुरू करायला गेलात तर बरीच मशीनं ‘एचएचएच’सारखा इशारा देऊन नकार देतात, झाकण उघडून वीस-तीस मिनिटं निवू द्यावं लागतं. म्हणून एक किलोचं घ्या आणि नेहमी ७५० ग्रॅमच्या खुणेवर चालवा. मोटर तिच्या ताकदीच्या पाऊण भागावर राहते आणि बेल्ट निवांत चालतो. गव्हाचं पीठ निम्म्याहून जास्त असेल तेव्हा एक किलोच्या मशीनलाही एकूण ४५० ग्रॅम पिठाच्या वर जाऊ नये, पुस्तिकेत ६०० लिहिलेलं असलं तरी.

दोन पात्यांच्या आडव्या भांड्यात ब्रेड दुकानातल्यासारखा लांबट येतो, सँडविचला बरा दिसतो. पण त्यात दांडे दोन, सील दोन, कपलिंग दोन, आणि कोपऱ्यात कोरडं पीठ राहतं ते सिलिकॉनच्या पळीने खाली ओढावं लागतं. रोजच्या वापराला एका पात्याचं उभं भांडं साधं आणि कमी खोडीचं. भाजायच्या आधी आडवं पडणारं, दुमडतं पातं टाळा. ब्रेडला भोक लहान पडतं हे खरं, पण त्याच्या बिजागरीत पीठ सुकतं आणि चार महिन्यांत ते एकतर उभं राहत नाही किंवा पडत नाही.

बटणांची जागाही बघा. वाफ झाकणाच्या फटीतून बाहेर पडते. बटणांची पट्टी त्या फटीच्या अगदी समोर असेल तर वाफ रोज तिच्यावर बसते आणि आतल्या स्विचांवर हिरवट थर चढतो. सुकामेवा आपोआप टाकणारी डबी चैन आहे, बिघडली तर हाताने टाकता येतो. पॅनासॉनिकच्या काही मॉडेलांत यीस्ट नंतर टाकणारी वेगळी डबी येते. कल्पना सुंदर आहे, फक्त जुलैमध्ये ती डबी दर वेळी कोरड्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर यीस्ट आतच चिकटून बसतं आणि ब्रेडची वीट होते.

आता दुबईचा मुद्दा. अमिरातीत वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ. ओमान, कतार, कुवेतमध्येही २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. इंग्लंड आणि पोर्तुगालातून आणलेलंही चालतं. फक्त पिन वेगळी: आखातात आणि इंग्लंडमध्ये चौकोनी तीन पिनांचा फ्यूजवाला प्लग, पोर्तुगालात दोन गोल पिना आणि बाजूला अर्थची पट्टी. ॲडॉप्टरवर रोज चालवू नका, त्यात बहुतेकदा अर्थ जुळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून आपल्याकडचा तीन पिनांचा प्लग बसवून घ्या. सहाशे वॉटचं मशीन अडीच-पावणेतीन अँपिअर घेतं, सहा अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो.

सौदीहून आणत असाल तर थांबा. तिथली वीज ६० हर्ट्झची. मशीनखालच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलेलं असेल तर हरकत नाही. नुसतं ६० असेल तर इंडक्शन मोटर इथे सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल आणि जास्त तापेल. अमेरिका-कॅनडातून आणलेलं १२० व्होल्टचं मशीन तर घेऊच नका, मग ते झोजिरुशीसारखं नावाजलेलं का असेना. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ बदलत नाहीत.

आखातातून आणण्यात खरी अडचण विजेची नसून भांड्याची आहे. तिथली हमी इथे बहुधा चालत नाही, आणि मॉडेल भारतात विकलं जात नसेल तर पार्टही नाही. भावाला सांगायचंच असेल तर एकच सांगा: मशीन आणि दोन भांडी, दोन पाती, एक बेल्ट. एवढं बरोबर आलं तर बिनधास्त आणा. नुसतं मशीन आणायचं असेल तर इथे सुटे भाग मिळणारं, दिसायला साधं मशीन बरं.

गोव्यात मशीनला वीजही त्रास देते. गावाच्या टोकाला, लांबलचक लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २३० चे १८० झाले की ६०० वॉटची कॉइल जेमतेम ३६७ वॉट देते. ब्रेड वरून पांढरा, आतून ओला. लोक यीस्टला दोष देतात आणि पुढच्या वेळी जास्त घालतात! मल्टीमीटरने दोन-चार संध्याकाळी व्होल्टेज मोजून ठेवा. सारखं २०० च्या खाली जात असेल तर एक केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, किंवा सरळ पहाटे भाजा.

वीज गेली तर काय, हे पुस्तिकेत आधी वाचा. काही मशीनं दहा मिनिटांपर्यंत आपली जागा लक्षात ठेवतात, काही लगेच विसरतात. जून महिन्यात गडगडाट सुरू झाला की दहा मिनिटांची आठवण पुरी पडतेच असं नाही. तेव्हा ‘फक्त भाजणे’ आणि ‘फक्त मळणे’ हे दोन प्रोग्राम वेगळे असलेलं मशीनच घ्या. मधेच वीज गेली तर गोळा भांड्यातच फुगू द्यायचा आणि वीज आल्यावर ‘फक्त भाजणे’ लावायचं. घरच्या इन्व्हर्टरवर मळणं निभतं, कारण तेव्हा मशीन शंभर वॉटच्या आसपास घेतं. भाजणं बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला जड जातं. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर इंडक्शन मोटर घोंघावते आणि तापते, तिथे मळूही नका.

पावसाळ्यातली एक खोड मात्र सगळ्यांना चकवते. मशीन महिनाभर कपाटात पडून असतं, बाहेर काढून सुरू केलं की मळणं-फुगणं नीट होतं, आणि भाजायला लागताच घरचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो. मशीन जळालं असं वाटतं. बहुधा तसं नसतं. कॉइलच्या नळीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती टोकाच्या सीलमधून हवेतला ओलावा ओढून घेते आणि विजेची गळती सुरू होते. प्लग काढून, झाकण उघडं ठेवून मशीन दोन दिवस उन्हात किंवा कोरड्या, उबदार जागी ठेवा. मग इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (गळती मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. ईएलसीबीला वळसा घालून किंवा अर्थ सोडवून चालवणं म्हणजे भांड्याला हात लावताना जिवाशी खेळ. जुन्या घरांतलं अर्थिंग आधीच कुरकुरतं असतं.

उपाय सोपा आहे. पावसाळ्यात मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, सुती कापड टाका. ब्रेड करत नसाल त्या आठवड्यात भांडं रिकामं ठेवून दहा मिनिटं ‘फक्त भाजणे’ चालवा. कणी आणि सांडलेलं पीठ मऊ ब्रशने काढा, कारण मुंग्या आणि झुरळं उबेला येतात आणि सर्किट बोर्डवर घर करतात. भिंतीपासून दहा सेंटीमीटर दूर ठेवा. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर घट्ट पीठ मळताना मशीन हळूहळू चालत कडेला येतं, तेव्हा पायांखाली रबराच्या चकत्या लावा, पण बुडाची भोकं झाकू नका.

आता पीठ. सैल गोळा मळणारं साधं मशीन घट्ट गोळा मळणाऱ्या महागड्या मशीनपेक्षा जास्त टिकतं. चपातीची सवय असलेला हात ब्रेडच्या पिठातही पाणी कमी घालतो, आणि तिथेच बेल्ट जातो. चक्कीत दळलेल्या पिठातला स्टार्च दगडाखाली बराच तुटलेला असतो, त्यामुळे ते पाणी जास्त पितं. मैद्याला वजनाच्या ६२ टक्क्यांच्या आसपास पाणी पुरतं, चक्कीच्या पिठाला ७५ लागतं. तुमच्या घरच्या मिश्रणासाठी सुरुवात अशी करा: मैदा २५० ग्रॅम, गव्हाचं पीठ १५० ग्रॅम, पाणी २६५ मिली, मीठ ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, तेल किंवा लोणी २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. सगळं मिळून ७०० ग्रॅमच्या थोडं वर जातं, म्हणून ७५० ची खूण. गव्हाचं पीठ २०० च्या वर नेलंत तर ८-१० ग्रॅम ग्लूटेन घाला, नाहीतर ब्रेड बुटका राहील. वाटीने मोजू नका. एकच वाटी सैल भरली आणि दाबून भरली तर पिठाच्या वजनात सहज २० ग्रॅमचा फरक पडतो.

आधी पाणी, मग तेल, मग पीठ, एका कोपऱ्यात मीठ, मधल्या खळग्यात यीस्ट. मळणं सुरू होऊन आठ-दहा मिनिटं झाली की झाकण उघडून बघा, तेव्हा उघडल्याने काही बिघडत नाही. गुळगुळीत, बोटाला किंचित चिकटणारा आणि बुडाशी थोडासा पसरणारा गोळा हवा. गोळा भिंतीवर आपटत ठक-ठक करत असेल, किंवा मोटरचा आवाज जड होत असेल, तर चमचा-चमचा करून पाणी घाला. भिंतीला चिकटून खळच राहत असेल तर चमचाभर पीठ. जुलै-ऑगस्टमध्ये पिठाने आधीच हवेतला ओलावा घेतलेला असतो, तेव्हा २६५ ऐवजी २५० मिलीपासून सुरुवात करा.

एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. नळाचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, मळताना घर्षणाने गोळा आणखी तापतो. मळून झालेला गोळा २६-२७ अंशांना असावा. तो ३२ ला गेला की यीस्ट धावत सुटतं, ब्रेड झाकणापर्यंत चढतो आणि भाजताना मधोमध बसतो. तेव्हा फ्रीजमधलं पाणी घ्या, यीस्ट ४ चं ३ ग्रॅम करा. रात्री टायमर लावून पहाटे ब्रेड काढायची हौस मे महिन्यात टाळलेली बरी, आणि दूध किंवा अंडं असेल तर कोणत्याही महिन्यात. यीस्टचं पाकीट फोडल्यावर हवाबंद बाटलीत फ्रीझरला ठेवा. ओट्यावर ठेवलेलं यीस्ट पावसाळ्यात फार टिकत नाही.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. पोदेराकडचे (गोव्यातल्या पाववाल्याकडचे) उंडे म्हणजे गोल पाव, किंवा पोयी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, या मशीनमधून निघणार नाहीत. पोयी फुगून पोकळ होते ती भट्टीच्या तापलेल्या जमिनीवर खालून एकदम बसणाऱ्या उष्णतेने. मशीनमध्ये भांड्याभोवती एकच कॉइल आणि मऊ, हळू ताप असतो. पोयी करायची तर मशीनचा ‘फक्त मळणे’ प्रोग्राम वापरा, गोळे कोंड्यात घोळवून थापा, आणि ओटीजीत जाड तवा २५० अंशांवर अर्धा तास तापवून त्यावर भाजा. सूर (माडी) घालून फुगवायची जुनी रीत आठवून कोणी तसं करायला गेलं तर मशीनचं ठरलेलं घड्याळ त्याला पुरत नाही. फुगण्याचे तास स्वतः ठरवता येणारा प्रोग्राम असेल तरच जमतं. आणि रोज दीड-दोन किलो ब्रेड लागत असेल, तर ब्रेड मशीन सोडून पाच लिटरचा मिक्सर आणि चांगला ओटीजी घ्या.

मशीन घरी आलं की परत करायची मुदत संपण्याआधी तीन चाचण्या करा. पहिली, पीठ घालायच्या आधीच: भांड्यात दोन बोटं पाणी ओता, खालचं कपलिंग हाताने वीस वेळा फिरवा, आणि भांडं वर्तमानपत्रावर तासभर ठेवा. कागदाला ओल लागली तर लगेच परत. दुसरी: रिकाम्या भांड्यात दांडा पकडून हलवून बघा. वर-खाली किंचित हलणं चालतं, आडवं डुगडुगणं नाही. तिसरी: वरच्या मापाने लागोपाठ तीन दिवस ब्रेड करा आणि दर वेळी मळतानाचा आवाज ऐका. तिसऱ्या दिवशी आवाज बदलला तर ठेवू नका. वापरलेलं मशीन कोणी देत असेल तर हेच करा, शिवाय बेल्टसाठी मशीनच्या तळातलं कपलिंग (भांड्याचं कपलिंग ज्यात अडकतं ते) हाताने फिरवून बघा. फिरणं एकसारखं जड लागायला हवं, मधेच सटकलं तर दाते गेलेत.

तुमचं जुनं मशीन मात्र टाकू नका. भांडं बाहेर काढून मळणं सुरू करा. मशीनच्या तळातलं कपलिंग नुसत्या मोटरवर मोकळं फिरत असेल तर मोटर-बेल्ट ठीक आहेत आणि दोष फक्त भांड्याचा. गुणगुण येते पण कपलिंग फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर. कट-कट आवाज करत भाराखाली थांबतं, तर बेल्ट. बेल्ट मागवताना मशीनचं नाव नको, दात्यांची संख्या आणि पट्ट्याची रुंदी सांगा. भांड्याला सर्क्लिप असेल तर ती काढून वॉशरांचा क्रम फोटोत टिपून ठेवा, दांड्याचा आणि बैठकीचा व्यास व्हर्नियरने मोजा, आणि त्याच मापाचं अन्नाला चालणारं सिलिकॉन सील शोधा. गॅरेजमध्ये त्या मापाचं काळं ऑइल सील चटकन मिळेल. ते घेऊ नका. नायट्रिल रबर १००-१२० अंशांच्या पुढे कडक होतं आणि ते अन्नासाठी बनवलेलंही नसतं. वंगण म्हणून खोबरेल घालू नका, भाजताना ते चिकट होतं. अन्नाला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब पुरतो. आणि डिस्प्लेच लागत नसेल, थर्मल फ्यूज उडाला असेल, तर त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा नवा बसवून घ्या. तिथे सरळ वायर जोडून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याकडून मशीन परत घ्या, कारण त्यानंतर ते जास्त तापलं तर बंद करायला आत काहीच उरलेलं नसतं.